जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? पगार, कर्ज आणि सामाईक सातबारा

बारावी सायन्सला बेताचे मार्क, घरात पैसा त्याहून बेताचा, पण नर्सिंगलाच जायचं हे नक्की. अशा पोरांचे आणि त्यांच्या आईबापांचे फोन प्रवेशाच्या दिवसांत मला येतात. कोर्सची माहिती त्यांनी काढलेली असते. विचारायचं असतं ते एवढंच, की तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, बरं की चार वर्षांची बीएस्सी, म्हणजे पदवी? मी स्वतः जीएनएम केलं, सिंधुदुर्गातच राहिलो, वॉर्डात मला ‘ब्रदर’ म्हणून हाक मारतात. तेव्हा माझं माप किंचित एका बाजूला झुकलेलं असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

कुडाळ, कणकवली, सावंतवाडीकडच्या वीस-पंचवीस खाटांच्या खासगी हॉस्पिटलांत नव्या पोराला दहा ते पंधरा हजार मिळतात. डॉक्टर सर्टिफिकेट न्याहाळत बसत नाहीत. सलाईनची शीर पहिल्या फटक्यात सापडते का आणि नाइट करायची तयारी आहे का, एवढंच बघतात. बीएस्सीवाल्याला फार तर हजार-दोन हजार जास्त. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जाहिरातीत स्टाफ नर्सला वीस हजारांच्या आसपास असतात, आणि तिथे दोघंही एकाच रांगेत उभे. राज्य सरकारच्या कायम अधिपरिचारिकेची, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सची, वेतनश्रेणी एस-१३, मूळ वेतन ३५,४०० पासून. तीही दोघांना तीच. बांद्याहून म्हापशाला रोज ये-जा करणारे आहेत, गोव्यात खासगीत थोडे बरे पैसे मिळतात म्हणे. पण तिथली सरकारी नोकरी आपल्याला नाही, पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो.

म्हणजे पहिली काही वर्षं पगारात फारसा फरक नाही. फरक आहे तो हप्त्यात.

फी, हॉस्टेल, मेस धरून खासगीत जीएनएमला वर्षाला एक लाख आणि बीएस्सीला दीड लाख समजू. कॉलेजप्रमाणे आकडा मागेपुढे होईल. एकीकडे तीन लाखांचं कर्ज, दुसरीकडे सहा लाखांचं. शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्ता नसतो हे सगळे सांगतात. व्याज मात्र पहिली रक्कम कॉलेजला गेल्या दिवसापासून चढत असतं. दहा टक्के सरळव्याजाने हप्ता सुरू होईपर्यंत तीन लाखांचे तीन लाख नव्वद हजार होतात आणि सहा लाखांचे आठ लाख दहा हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला एकीकडे साधारण ५,१५०, दुसरीकडे १०,७००. पगार बारा हजार असताना दुसरा हप्ता कसा भरायचा, हे मला तरी कळलेलं नाही. माझ्या मित्राने बीएस्सी केलं आणि त्या हप्त्यासाठीच नवी मुंबई गाठली. तिथे पगार दुप्पट, पण खोलीभाडं आणि लोकलचा पास गेल्यावर त्याच्या हातात माझ्यापेक्षा फार काही उरत नव्हतं. मी घरचं जेवत होतो.

तरीही खरं सांगायचं तर माझा निर्णय या हिशेबाने झाला नाही. तो सातबाऱ्याने झाला.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला आईवडील सहकर्जदार असले की पुरतं. त्यावर गेलं की जामीनदाराचा विषय निघतो. साडेसात लाखांपर्यंत केंद्राची हमी योजना आहे, तारण मागू नये असं कागदावर आहे. आमच्या शाखेतल्या साहेबांनी मात्र बीएस्सीचा आकडा ऐकून शांतपणे विचारलं, “जमीन आहे ना? सातबारा आणा.” जमीन आहे हो. कलमंही आहेत. पण उताऱ्यावर आजोबांचे वारस, त्यांचे वारस, लग्न होऊन गेलेल्या आत्या, त्यातल्या एका वारलेल्या आत्याची तीन मुलं, असं अख्खं गोत्र बसलेलं. खातेफोड, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा वेगळा करून स्वतंत्र उतारा, कधी झालीच नाही. निम्मे लोक विरार-नालासोपाऱ्याला, एकदम भेटायचे तर गणपतीतच, आणि बँकेला सह्या हव्या होत्या त्याआधी. फोनवर थोरल्या काकांना समजावलं, तर त्यांना ‘बोजा’ एवढा एकच शब्द ऐकू आला. “जमिनीर बोजो कित्याक चढवतस रे?” त्यांचंही चुकलं असं नाही, उताऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यात एकदा बँकेचं नाव चढलं की ते उतरवायला पुन्हा तलाठ्याकडे खेटे. धाकट्या काकांनी सही देतो म्हटलं, पण सोबत वाटणीचा जुना विषय काढला. माझ्या शिक्षणासाठी घरात भावकीचा तंटा उभा राहतोय असं दिसल्यावर मी आकडा चार लाखांच्या आत आणला. त्या आत जीएनएम बसत होतं.

बीएस्सीचं पारडं काही ठिकाणी जड आहे, ते नाकारत नाही. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेला बीएस्सीवाला थेट बसतो. जीएनएमवाल्याला किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि आमच्याकडची बहुतेक खासगी हॉस्पिटलं त्यात बसतच नाहीत. एम्समध्ये मूळ वेतन ४४,९०० पासून आहे. समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचं, शिकवायला जायचं, तर पदवीच हवी. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून ती मिळवता येते, पण एकदा नाइटची सवय लागली की पुन्हा वर्गात बसणं अवघड, असं बरेच जण म्हणतात. ‘जीएनएम बंद होणार’ ही आवई मी शिकायच्या आधीपासून आहे. प्रवेश अजून होतायत.

मुलींच्या बाबतीत मात्र मी उलट सांगतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. अशी जागा लागली तर उरतो हॉस्टेल-मेसचा खर्च, तो चार लाखांच्या आत राहतो, आणि वरचा सगळा हिशेब फिरतो. तेव्हा सीईटी चुकवू नका आणि बीएस्सीच घ्या.

मुलग्यांनी कॉलेजात टोकन भरण्याआधी डिजिटल सातबारा काढून नावं मोजावीत. दोन-तीन असतील तर बीएस्सीचा विचार जरूर करा. नावांना एक पान पुरत नसेल, तर चार लाखांत काय बसतं ते आधी बघा.