जुनी मिनी की नवी? आधी मागच्या सीटवर बसून बघा

मिनी ही छोटी ब्रिटिश मोटारगाडी. जुनी आणि नवी, दोन्ही मिनी मी चालवल्यात, पण त्यांच्यातला खरा फरक कळतो तो मागे बसल्यावर. 1959 ची मूळ मिनी लांबीला जेमतेम 3.05 मीटर. तरी तिच्यात चार मोठी माणसं बसतात. अंग चोरून का होईना, पण बसतात. तिचे डिझायनर ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली, इंजिन ऑइलमध्ये बसवला आणि चाकं घेतली फक्त 10 इंची. वाचलेली सगळी जागा माणसांना दिली. सुरुवातीच्या गाड्यांच्या काचा सरकत्या आहेत. काच खाली उतरवायची भानगडच नाही, त्यामुळे दार आतून पोकळ राहिलं आणि तिथे हा भलामोठा कप्पा मिळाला. बाटल्या, छत्री, पिशव्या, काय हवं ते टाका. दार उघडायला आतून एक दोरी ओढायची, बस्स! ती दोरी मला फार आवडते.

2014 साली आलेली तीन दारांची मिनी 3.82 मीटरची. म्हणजे पाऊण मीटरहून जास्त वाढली, आणि मागे गुडघ्यांची तीच ओढाताण! गोल दिवे ठेवले, चेहरा ठेवला, पण जागा काढायची ती अक्कलहुशारी मात्र गेली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चालवायला नवी अर्थातच सोपी. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन 136 हॉर्सपॉवर देतं. जुनीचं 848 सीसीचं इंजिन 34. जुनीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे, कमी जोराचे ड्रम ब्रेक, त्यामुळे पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरच्या चाकांचा वेग आपोआप जुळवून देणारी सोय) नाही, गाडी पुरती थांबायच्या आत टाकायला गेलात की दात करकरतात. सस्पेन्शन रबराचं, त्यामुळे प्रत्येक खड्डा पाठीत बसतो. पण वळणावर स्टिअरिंग जरासं हलवलं की गाडी तत्क्षणी वळते. तो ताजेपणा नवीत नाही.

पोरांना घेऊन लांब जायचं असेल तर मात्र नवीच घ्या. एअरबॅग, एबीएस, धडकेचा जोर स्वतःवर घेणारा पुढचा भाग, यातलं मूळ मिनीत काहीच नाही. तिच्यात तुमचे पाय आणि समोरचा बंपर यांत अंतर ते किती!

जुनी हौसेने घेणारच असाल तर चकचकीत रंगाला भुलू नका. गाडी वर उचलून दाराखालच्या पट्ट्या आणि मागची सबफ्रेम (मागची चाकं जिच्यावर बसवलेली असतात ती चौकट) तपासा, गंज तिथेच आधी धरतो.