मुरबाडकडचा मातीचा बंधारा: ठेकेदाराच्या कामाचा हिशेब

भिंतीला पैकीच्या पैकी. मासे-पाखरांसाठी जे ठरलं होतं, त्यात जेमतेम काठावर पास.

भिंत 4 मीटर उंच, माथा अडीच मीटर रुंद. पाण्याकडचा उतार अडीचास एक (अडीच मीटर आडवं गेलं की एक मीटर उंची), मागचा दोनास एक. कडक मुरूम लागेपर्यंत चर खणून चिकणमाती भरली, त्यावर त्याच मातीचा गाभा आणि दोन्ही अंगांना मुरूम. थर 20 सेंटिमीटरचे, प्रत्येकावर टँकरचं पाणी आणि रोलर. नुसता जेसीबी फिरवून ‘दाबली’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ती भिंत पहिल्याच पावसाळ्यात खचते. माती मुठीत दाबून बघा: लाडू वळावा, पण हाताला चिखल लागू नये. भिंतीतून जाणाऱ्या पाइपाभोवती काँक्रीटच्या कॉलरी, म्हणजे कडी, आहेत, नाहीतर पाणी पाइपाच्या अंगानेच वाट काढतं. मागच्या उतारावर हरळी लावलीय. झाड एकही नाही, हे उत्तम. मुळं कुजली की पोकळी राहते.

सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, भिंतीत न घेता बाजूच्या कातळात काढलाय आणि आपल्याकडच्या पावसाला पुरेल इतका रुंदही आहे. पण शेवटी मीटरभर सरळ उडी! मृगाच्या पहिल्या लोंढ्यात ओढ्यातून वर येणारे चढणीचे मासे तिथेच अडकणार. खाली मोठे दगड काँक्रीटमध्ये बसवून दहास एक उताराची चढण करायला हवी होती, मध्ये दम घ्यायला खळगे ठेवून. बाकी सगळं सुधारेल, पण हे राहिलं तर ओढ्यातला मासा तळ्यात येणारच नाही.

दुसरी खोट काठाची. भिंतीची बाजू सोडली तर सगळीकडे सरळ कापलाय, शेततळ्यासारखा. निदान एका बाजूला गुडघाभर पाण्याचा 3-4 मीटरचा पट्टा हवा. लव्हाळा तिथेच उगवतो, मरळ तिथेच घरटं करते, बगळे तिथेच उभे राहतात. उन्हाळ्यात मासे तगण्यासाठीचा 3 मीटरचा डोह मात्र भिंतीपासून लांब खणलाय. भिंतीच्या पायथ्याशी खणला असता तर खालून पाझर सुरू झाला असता.

ठेकेदार ‘माशांचं बीज आम्हीच सोडतो’ म्हणाले, तर टिलापिया हा बाहेरून आलेला मासा नको म्हणून सांगा. थाई मांगूरवर तर बंदीच आहे.

तळं पहिल्यांदा भरताना भिंतीच्या मागच्या पायथ्याला ओल दिसली तर पाणी बघा. नितळ असेल तर नजर ठेवा. गढूळ असेल तर गाभ्यातली माती वाहतेय, ताबडतोब पातळी उतरवा. खेकड्यांची बिळं दर आठवड्याला बुजवा. आणि दर ठरवताना मशीनच्या तासावर नको, दाबलेल्या मातीच्या घनमीटरवर ठरवा.