फेअरिंगचे कान तुटलेत? चिकटवा, वेल्ड करा, पट्टी मारा का सरळ पॅनेलच बदला

आर१५, आरएस२००, जिक्सर एसएफ, आरसी, किटवाली म्हणजे बाहेरून प्लास्टिकची पॅनेलं (फेअरिंग) लावलेली कुठलीपण बाईक असू दे, उभ्या उभ्या कलंडली तरी बाहेरून बारीक ओरखडा दिसतो आणि आतले दोन-तीन कान गेलेले असतात. कान म्हणजे पॅनेलच्या मागचे ते छोटे टॅब, ज्यात स्क्रू, क्लिप नायतर रबर बसतं. मग खडखड सुरू, आणि सोलापूर-पुणे हायवेला मोहोलच्या पुढं गाडी नव्वदला गेली की पॅनेल फडफडायला लागतं. गॅरेजात विचारलं तर एकजण म्हणतो फेविक्विक आणि सोडा मार, दुसरा म्हणतो अराल्डाइट, तिसरा रिवेटगन घेऊन तयारच, आणि शोरूमवाला शांतपणे नव्या पॅनेलचा रेट सांगतो. कुणीच चुकीचं सांगत नाही, फक्त तुमचा तुटलेला कान नेमका कुठला हे कुणी बघितलेलं नसतं.

माझ्या मते कुठलं चिकटवायचं भारी हा प्रश्न नंतरचा. आधी दोन गोष्टी बघा, प्लास्टिक कुठलं आहे आणि तो कान पॅनेलला नुसता जागेवर धरतो का वजन आणि झटके घेतो.

प्लास्टिक ओळखणं अवघड नाही. पॅनेलच्या मागं बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, एबीएस, पीपी, पीए वगैरे. बाहेरची चकचकीत रंगवलेली पॅनेलं बहुतेक एबीएसची, आणि आतली काळी, रंग न दिलेली, जरा मेणचट लागणारी बऱ्याचदा पीपीची. अक्षरं सापडली नाहीत तर तुकड्याचा बारीक कपचा पाण्यात टाका, पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. अजून खात्री पाहिजे तर मागच्या कोपऱ्यात ॲसिटोनचा एक थेंब लावून बघा, एबीएस लगेच चिकट होतं, पीपीला ढिम्म फरक पडत नाही. हे का महत्त्वाचं तर पीपीवर कुठलंच साधं चिकटवायचं धरत नाही, फेविक्विक नाही, इपॉक्सी नाही, सगळं वाळल्यावर नखानं सोलून निघतं. पीपी असेल तर गरम करून वेल्ड नायतर पट्टी, एवढेच दोन रस्ते, चिकटवायचं वाचायचीपण गरज नाही, खाली थेट वेल्ड आणि पट्टीवर या.

आता फेविक्विक आणि खायचा सोडा. सगळ्यात स्वस्त आणि लई फास्ट, सोडा पडला की क्षणात दगड होतो. तीच त्याची अडचण पण आहे, तो दगड कडक असतो पण लवत नाही, आणि गाडीवर कान सतत थरथरत असतो, त्यामुळं एखाद्या स्पीडब्रेकरला तो जोडाच्याच रेषेत परत सुटतो. मी याला दुरुस्ती म्हणत नाही, पण तुटलेला तुकडा नेमक्या जागी पकडून ठेवायला, म्हणजे पुढचं वेल्डिंग करेपर्यंत, याच्यासारखं काही नाही. एक सांगून ठेवतो, आपल्याकडं गॅरेजात पुसायला टॉवेलच्या कारखान्यातलं सुती वेस्ट पडलेलं असतं, त्यानं सांडलेलं फेविक्विक पुसू नका. सुती कापडावर ते जोरात तापतं, धूर निघतो, बोट भाजतं.

अराल्डाइटसारखं दोन ट्यूबचं इपॉक्सी फेविक्विकपेक्षा बरंच वरचढ. एबीएसवर मागून चांगलं खरवडून, फायबरची जाळी घालून लावलं आणि पूर्ण चोवीस तास हात लावला नाही तर हलक्या कानाला चालून जातं. पण इथं सोलापूरचा मे महिना मध्ये येतो. पारा ४२-४३ ला गेला की उन्हात उभ्या असलेल्या काळ्या पॅनेलचं तापमान त्याच्यावर सहज वीसेक डिग्री चढतं, रेडिएटरजवळच्या पॅनेलचं तर अजून, आणि घरच्या घरी वाळवलेलं साधं इपॉक्सी साधारण ५०-६० डिग्रीच्या पट्ट्यात मऊ पडायला लागतं. म्हणजे थंड हवेच्या गावात बसून कुणीतरी व्हिडिओ टाकलाय की वर्षभर टिकलं, ते त्याचं खरं असेल, पण तुमची गाडी दुपारभर होटगी रोडला उन्हात उभी असते त्याचं काय. ग्लू गनचं तर नावच काढू नका, ती काडी वितळवून लावायची आणि ऊन ती परत मऊ करणार. एम-सील पाईपला ठीक आहे, थरथरणाऱ्या पातळ टॅबवर त्याचा गठ्ठा तसाच्या तसा निघून हातात येतो.

एबीएस आहे हे पक्कं असेल तर माझ्या मते दोनच पद्धतींत निवड करायची, ॲसिटोनचा लगदा का सोल्डरिंग आयर्नचं वेल्ड.

लगद्याचं असं आहे की एबीएसचे बारीक तुकडे, शक्यतो त्याच पॅनेलच्या न दिसणाऱ्या कडेचे नायतर भंगारातल्या पॅनेलचे, काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवायचे, काकवीएवढं घट्ट झालं की झालं. हे चिकटवत नाही, प्लास्टिकच विरघळवून परत एकजीव करतं, म्हणून वाळल्यावर जोड आणि पॅनेल वेगळे राहत नाहीत. अर्धा कान गायबच असेल तर याच्यासारखा मार्ग नाही, मागून टेपचा साचा करून थर देत देत नवा कान उभा करता येतो. तोटे पण आहेत. वेळ लई लागतो, प्रत्येक थर काही तास, शेवटचा कडक व्हायला दोन दिवस धरा, घाई केली की आतून ओलं राहतं आणि स्क्रू लावताना दबतं. वाळताना आकसतं, म्हणून जरा जास्तच भरायचं. आणि ॲसिटोन रंग खातो, समोरच्या बाजूला टेप लावल्याशिवाय हात घालू नका. नेलपॉलिश रिमूव्हर चालेल का असं लोक विचारतात, बऱ्याच रिमूव्हरमध्ये आता ॲसिटोन नसतंच, आणि असलं तरी पाणी नि तेल मिसळलेलं असतं, केमिकलच्या नायतर फायबरच्या दुकानातून साधं ॲसिटोन आणा. ते पेट लई लवकर घेतं, घरात गॅस चालू असताना हा उद्योग नको.

वेल्डला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं, ६० असेल तर काम पटापट होतं. क्रॅकवर दोन्ही बाजूंनी, नायतर समोर रंग असेल तर फक्त मागून, इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडायची, त्यात त्याच प्लास्टिकची पट्टी वितळवून भरायची, आणि वरून स्टीलची बारीक जाळी गरम टोकानं दाबून प्लास्टिकच्या आत बुडवायची. खिडकीची स्टीलची मच्छरजाळी मस्त चालते, नायलॉनची नाही. ती जाळीच खरं ओझं घेते. जाळीच्या जागी हॉट स्टेपलर मिळतो, नागमोडी पिना गरम करून आत घालायच्या, जाड ठिकाणी उत्तम, पण पॅनेल अडीच-तीन मिमीचंच असतं, पिन जास्त आत गेली तर समोर रंगावर फोड येतो. व्हिडिओत झिप टाय वितळवून भरताना दाखवतात ना, ते करू नका, झिप टाय नायलॉनचा असतो, एबीएसमध्ये तो मिसळतच नाही, वरवर बसतो. आणि दार-खिडकी उघडी ठेवा, एबीएस वितळलं की वाईट धूर येतो.

दोन्हींत निवडायचं तर सरळ आहे, कान जागेवर आहे पण चिरलाय नायतर मुळातून तुटून हातात आलाय, तर वेल्ड, एका दुपारचं काम. कानाचा तुकडाच हरवलाय तर लगदा. जिथं सगळं पॅनेल एकाच कानावर लटकतं तिथं दोन्ही, आधी जाळी घालून वेल्ड आणि वरून लगद्याचे दोन थर. चीर पॅनेलमध्ये पुढं पळत असेल तर तिच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, तिथंच थांबते.

पट्टी आणि रिवेटला लोक नावं ठेवतात, पण इंजिनखालच्या पोट-पॅनेलला, जिथं चिखल आणि दगड उडतात आणि कुणी वाकून बघत नाही, तिथं १ मिमी ॲल्युमिनिअमची पट्टी मला वेल्डपेक्षा जास्त आवडते. फक्त रिवेटच्या मागं मोठा वॉशर घालाच, नाहीतर थरथरीनं भोक मोठं होत होत रिवेट आरपार निघतो. समोरच्या रंगीत पॅनेलवर मात्र रिवेटची डोकी कायमची दिसणार, विकताना गिऱ्हाईक पहिलं बोट तिथंच ठेवतं.

यातलं काहीही केलं तरी कान परत का तुटतो ते बघितलंय का? पडल्यावर आतली लोखंडी स्टे, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतं तो सांगाडा, थोडी वाकलेली असते, मग पॅनेल ओढून-ताणून बसवलं जातं, आणि नवा जोड पहिल्या दिवसापासून ताणात. आधी स्टे सरळ करा. भोक पॅनेल गाडीवर लावून बघून मगच पाडा, आणि जरासं लांबट पाडा. भोकातलं रबरी कडं (ग्रोमेट) आणि त्यातली धातूची बारीक नळी सर्व्हिसिंगमध्ये हरवलेली असते, ती नसली की स्क्रू थेट प्लास्टिक चेपतो. सगळे स्क्रू आधी हातानं दोन-दोन आटे लावून घ्या, मग कसा, आणि इम्पॅक्ट गन तर फेअरिंगच्या जवळपासही नको.

नवं पॅनेल कधी? एकाच पॅनेलचे निम्मे कान गेलेत, पॅनेल मधूनच फाटलंय, नायतर गाडी लवकरच विकायचीय, तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. मागवताना चॅसी नंबर द्या, रंगवलेलं का बिनरंगाचं आणि स्टिकर सोबत येतं का वेगळं घ्यायचं हे आधी विचारा, नाहीतर पेंटरचं बिल वेगळं. सेकंडहँड घेणार असाल तर समोरचा रंग बघत बसू नका, उलटं करून कान मोजा, कारण पडलेल्या गाडीचंच पॅनेल बाजारात येतं. आणि जुनं तुटकं एबीएसचं असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, पुढच्या लगद्याचा आणि वेल्डच्या पट्ट्यांचा माल त्यातच निघतो.