क्रिस्टल रेडिओचा डिटेक्टर: जर्मेनियम, शॉटकी की गॅलेना?

क्रिस्टल रेडिओला सेल नसतो. एरियल जेवढी ऊर्जा गोळा करते तेवढ्यावरच आवाज येतो, म्हणून डिटेक्टर (रेडिओ लहरींतून आवाजाचा सिग्नल वेगळा काढणारा भाग) निवडताना काटकसर महत्त्वाची.

तुलना करायची तर बाकीचं सर्किट एकच ठेवा. ७५ मिमी पीव्हीसी पाइपवर २४ एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप) इनॅमल तारेचे ५५ वेढे लगतलगत गुंडाळा (साधारण १३ मीटर तार लागते) आणि त्याला समांतर ३६५ पिकोफॅरडचा गँग (स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर) जोडा. यात सुमारे ५२० किलोहर्ट्झपासून वरची मीडियम वेव्ह बसते. आकाशवाणी पुण्याचे ७९२ आणि मुंबईचे १०४४ दोन्ही. एरियलची १५-२० मीटर तार अर्थच्या टोकाकडून पंधराव्या वेढ्याला जोडा. थेट वरच्या टोकाला जोडली की स्टेशनं एकमेकांत मिसळतात.

जर्मेनियम डायोड (१एन३४ए, ओए७९) साध्या कॉइलशी सर्वांत चांगला जमतो. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर ०.२ ते ०.३५ व्होल्ट दिसायला हवेत. ०.६ दाखवला तर जर्मेनियमच्या नावाखाली सिलिकॉन गळ्यात मारलाय. तो दुर्बळ सिग्नलवर उघडतच नाही. सोल्डरचा डाग देताना पाय नोज प्लायरने धरा, उष्णतेने डायोड बिघडतो.

शॉटकी (कमी व्होल्टवर उघडणारे धातू-अर्धवाहक जोडाचे डायोड) यांपैकी बीएटी ४६ घ्यावा. तो टिकाऊ आहे आणि नवा सहज मिळतो. १एन५७११ मात्र नवशिक्याने टाळावा: त्याला फार उच्च प्रतिबाधेचं (इम्पिडन्स, म्हणजे एसी प्रवाहाला होणारा विरोध) सर्किट लागतं, साध्या कॉइलवर तो मंद वाजतो.

गॅलेना म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा खडा. जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये मिळालेलं अमेरिकी पेटंट याच डिटेक्टरचं, त्यामुळे त्याची ओढ वेगळीच. पण त्यावरचा संवेदनशील बिंदू बारीक तारेच्या टोकाने चाचपडत शोधावा लागतो आणि टेबलाला धक्का लागला की तो हरवतो. खडा सोल्डरमध्ये बसवू नका, तापल्याने तो मंदावतो. दोन स्क्रूंमध्ये आवळा. हाताळल्यावर हात धुवा.

आमचा सल्ला: डायोड डागू नका, दोन क्लिपांमध्ये अडकवा. आधी जर्मेनियमवर स्टेशन लावा, मग गँगला हात न लावता डायोड काढून त्याच क्लिपांना गॅलेना जोडा. आवाज गेला तर दोष खड्यात किंवा बारीक तारेच्या टोकात आहे, कॉइलमध्ये नाही, हे लगेच कळतं. थेट गॅलेनाने सुरुवात करणारे बहुतेक वेळा नको तिथे दोष शोधत बसतात.

जर्मेनियमवरही शांतता असेल तर इअरफोन तपासा. मोबाइलचा १६-३२ ओहमचा चालत नाही. सिरॅमिक क्रिस्टल इअरफोन हवा आणि त्याला समांतर ४७ किलोओहमचा रेझिस्टर. तो नसला की इअरफोनवर चार्ज साठून आवाज फाटतो किंवा बुजतो. त्यानंतर अर्थिंग पाहा: प्लास्टिक पाइपच्या नळाला जोडलेली तार अर्थ होत नाही, ओल्या जमिनीत धातूची सळई ठोका. विजेच्या बोर्डाचं अर्थिंग वापरू नका आणि ढग गडगडू लागण्याआधीच एरियल सोडवून ठेवा.