पायांची न्यूरोपॅथी: चालणे की पाण्यातील व्यायाम?

पायांच्या मज्जातंतूंचा जुना विकार असला, तरी प्रौढांसाठी सांगितलेला आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या मध्यम व्यायामाचा निकष सहसा कायम राहतो. प्रश्न असतो तो ही मिनिटे कोठे घालवावीत, एवढाच.

चालण्याला साधन लागत नाही, आणि शरीराचा भार हाडांवर पडत असल्याने ती मजबूत राहण्यास मदत होते. मात्र तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर बुटात शिरलेला खडा किंवा मोज्याची दुमडलेली शिवण तासभर घासत राहते, वेदनेचा इशारा मिळतच नाही आणि फोड दिसतो तो घरी आल्यावर. म्हणून बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहणे आणि परतल्यावर तळवे आरशात तपासणे हा चालण्याचाच भाग मानावा. अंधारात तोल अधिक जातो, कारण पायांकडून न मिळणारी माहिती एरवी डोळे पुरवत असतात.

छातीपर्यंतच्या पाण्यात शरीराचा बराचसा भार पाणीच उचलते, त्यामुळे तोल सावरण्याचा सराव बऱ्यापैकी निर्धास्तपणे करता येतो. पण तलावाकाठी अनवाणी फिरू नये, आणि पाणी किती गरम आहे हे पायाने नव्हे, तर कोपराने अजमावावे.

माझे मत विचाराल तर ज्याचा तोल वारंवार जातो, त्याने सुरुवात पाण्यात करावी. तळव्यावर उघडी जखम असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने बसून करायचे व्यायाम निवडावेत.