डंपिंगवर बाग करायचीय, मग कचरा झाकायचा की उपसायचा?

आमच्याकडचं डंपिंग बंद झालं तेव्हा हरकती-सूचना मागवल्या होत्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर जी जुंपली होती तीच आता बऱ्याच गावांत जुंपलेली दिसतेय, म्हणून लिहितोय. बाग हवी यावर सगळ्यांचं एकमत असतं. वाजतं ते कचरा तिथेच ठेवून वरून झाकायचा (कॅपिंग) की आधी सगळा उपसायचा (बायोमायनिंग) यावर. झाकणं म्हणजे ढिगावर प्लास्टिकची शीट आणि माती टाकून तो बंद करणं, उपसणं म्हणजे जुना कचरा खणून, चाळून, वेगवेगळा करून जागा मोकळी करणं.

झाकण्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. मुंबईतल्या गोराईचं डंपिंग 2007 मध्ये बंद करून असंच झाकलं, ढिगाला उतार दिला, शीट घातली, वर माती, मिथेन काढायला पाइप. वास थांबतो, शेजाऱ्यांना वर्षानुवर्षं धुरळा खावा लागत नाही, आणि एका निवडणुकीच्या आत उद्घाटनाची फीतही कापता येते (हा मुद्दा कागदावर कुणी लिहीत नाही, पण असतो).

माझं घोडं अडलं ते सावलीवर. सासुरवाडीच्या गावात अशी झाकून केलेली बाग आहे, नाव नको घ्यायला. दिसायला छान आहे, लॉन, कारंजं, सेल्फी पॉइंट सगळं आहे, पण झाड म्हणावं असं झाड नाही. कारण सरळ आहे, खोल मुळं गेली की शीट फाटायची भीती, वर मातीचा थरही बेताचा, त्यामुळे वड, पिंपळ, चिंच वगैरे विसरा, जास्वंद आणि क्रोटन लावा आणि लॉनला पाणी घालत बसा. सकाळी नऊच्या आत बाकडी तापतात. सासरे तिथे छत्री घेऊन चालायला जातात, मार्च-एप्रिलमध्ये तर जातच नाहीत, गावात एवढी मोठी बाग असून देवळाच्या मागच्या गल्लीत चालतात. कचरा आत कुजून दबतो तसे ट्रॅकचे पेव्हर ब्लॉकही खालीवर होतात, पण ते एकवेळ चालवून घेतलं असतं. सावली नसलेली बाग आपल्या हवेत कुणासाठी करायची हेच मला कळलं नाही.

यावर कुणीतरी माहीमचं नाव काढतोच. बरोबर आहे, महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे जुन्या डंपिंगवरच उभं आहे, 37 एकर, एका बाजूला धारावी, मिठी नदी ओलांडली की बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), आणि आत भर दुपारी गार वाटतं. पण तिथे लागवड 1983 मध्ये सुरू झाली, पहिलं झाड डॉ. सलीम अलींनी लावलं, आणि लोकांना ते खुलं झालं 1994 मध्ये. शिवाय तो कचरा सत्तरच्या दशकापर्यंतचा, त्यात आत्ताइतकं प्लास्टिक कुठलं असायला. आजच्या ढिगावर नुसती माती टाकून तसं जंगल उभं राहील असं मला तरी वाटत नाही, जाणकारांनी सांगावं.

उपसण्याचा त्रास मात्र खरा आहे, तो लपवत नाही. ढीग उलथून कल्चर (कचरा कुजवणारे जिवाणू) मारतात, वाळला की ट्रॉमेलमधून (फिरत्या मोठ्या चाळणीतून) चाळतात, तोवर वास आणि धूळ. चाळून निघालेलं प्लास्टिक, चिंध्या म्हणजे आरडीएफ (कचऱ्यातून निघालेलं जळण), ते सिमेंट कारखान्यांनी उचललं तर ठीक, नाहीतर एका ढिगाचा दुसरा ढीग. तरी इंदूरने देवगुराडियाचा 13 लाख टनांच्या आसपासचा कचरा असाच चाळून संपवला. आणि एकदा खाली मूळची जमीन लागली की वड लावा नाहीतर आंबा, कुणी अडवत नाही. मी आमच्याकडे सूचना लिहिली ती उपशाचीच.

पण एक गोष्ट आहे जी झाकणारे बोलत नाहीत आणि खरं तर तीच त्यांची सगळ्यात जड बाजू आहे. झाकलेल्या कचऱ्यावर टॉवर उभा करणं सोपं नाही, म्हणून ती जागा बहुतेक बागच राहते. उपसलेली जमीन मोकळी होते, आणि मोकळ्या जमिनीवर काय होतं ते आपल्याला माहितीय. मुंबईतल्या देवनारच्या डंपिंगची 124 एकर जागा धारावी पुनर्वसनाला द्यायचं 2024 मध्ये ठरलं आणि आता तिथला कचरा उपसायचा तो त्यासाठी, बागेसाठी नाही. घरं नकोत असं मी म्हणत नाहीये, पण तुम्ही बागेसाठी भांडत असाल तर हे डोक्यात ठेवा.

तुमच्याकडे जागा लहान असेल, ढीग उंच असेल आणि शाळा-घरं अगदी लागून असतील तर झाका, मी वाद घालणार नाही. बाकी ठिकाणी उपसा मागा, पण त्याच अर्जात पहिल्या ओळीत लिहा की विकास आराखड्यात उद्यानाचं आरक्षण आधी पडलं पाहिजे, पोकलेन त्यानंतर आत येईल. आम्ही ती ओळ शेवटी लिहिली होती, सुनावणीत तिथपर्यंत वेळ पोचलाच नाही, पुढच्या तारखेला परत जाऊन मांडावी लागली.