एका दिवसात कदंबांचा गोवा: सहल बरी, थाळी खोटी

फोंड्याहून सुटणारी ही एका दिवसाची सहल माणशी अठराशे रुपयांची आहे. बारा आसनी गाडी, सकाळी साडेसातला सुटते, दिवेलागणीनंतर परत. निकाल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन गाईड मुलीचे आणि अर्धा ड्रायव्हरचा. कंपनीच्या नावावर मी काही जमा करणार नाही, का ते पुढे येईलच. नाव लिहीत नाही. मला याच गावात राहायचं आहे.

माझी सगळी नोकरी वास्कोला बंदरावर गेली, कस्टम क्लिअरिंगमध्ये. कुठल्या मालाला किती ड्युटी, जहाज कुठल्या धक्क्याला लागणार, डेमरेज (माल उशिरा हलवल्याचा दंड) कुणाच्या माथी मारायचं, यातच केस पांढरे झाले. त्यामुळे देवळात शिरलो तरी कोरीवकाम बघण्याआधी याला पैसे कुठून आले असतील, हेच मनात येतं. बायको म्हणते, देवापुढे तरी हिशेब नको. तर हा परीक्षणकर्ता कसा आहे ते लक्षात ठेवून पुढचं वाचा.

गोव्यात कदंब म्हटलं की निम्म्या माणसांच्या डोळ्यापुढे आधी सरकारी बस येते. ज्या राजांवरून तिला नाव पडलं, त्यांच्या गावांना मुद्दाम नेणारी सहल कुणी काढतं हेच विशेष. किनारे, कॅसिनो आणि मसाल्यांच्या बागा सोडून कुणी गोवा वेल्ह्याला गाडी उभी करतो, म्हणून मी पैसे भरले.

सुरुवातच नाट लागून झाली. पत्रकावर पहिलं ठिकाण जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालय. कदंबांच्या काळातल्या मूर्ती, वीरगळ, जहाजांवरच्या लढाईचा वीरगळसुद्धा तिथे आहे. आणि सहल काढली शुक्रवारी. शुक्रवारी ते संग्रहालय बंद असतं, हे तिथला चहावाला पोरगासुद्धा सांगेल. फाटकापुढे फोटो काढून आम्ही पुढे निघालो. पैसे घेऊन सहली काढणाऱ्यांना आठवड्याचे वार माहीत नसावेत, याला काय म्हणायचं?

गोवा वेल्ह्याला मात्र सगळं भरून निघालं. आगशीच्या बाजूला जुवारीच्या काठावर गाडी थांबली. ओहोटी होती. चिखलातून चिऱ्यांची एक रांग अर्धवट वर आलेली. एकावर एक नीट बसवलेले चिरे, वर शेवाळ, सांध्यांत कालवं चिकटलेली. लांबून बघितलं तर कुणाच्या तरी भाटाचा, म्हणजे माडांच्या बागेचा, पडका बांध वाटेल. हे गोपकपट्टण, कदंबांचं बंदर. चांदरची राजधानी सोडून ते इथे आले ते समुद्रासाठी. 'पश्चिमसमुद्राधीश्वर' अशी पदवी हे राजे उगाच लावत नव्हते.

गाईड मुलगी इतिहासात एमए करते. तिनं सगळ्यांच्या हातात एकेक झेरॉक्स दिली: पणजी ताम्रपटाचा मराठीत सारांश. शके ९८१, म्हणजे इ. स. १०५९. राजा पहिला जयकेशी. गोष्ट अशी. कदंब घराण्यातला गुहल्लदेव सोमनाथाच्या यात्रेला समुद्रमार्गे निघाला. वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली. तेव्हा मदुमद नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्यानं त्याला मदत केली. मदुमद म्हणजे महंमद, ताजिक वंशाचा. त्या काळी अरबांकडच्या लोकांना इकडे ताजिक म्हणत. पुढे त्याच्या वंशातला छडम जयकेशीच्या दरबारी मोठा अधिकारी झाला. त्यानं गोपकपट्टणात 'मिजिगिती' उभारली, म्हणजे मशीद. आणि तिच्या खर्चासाठी राजानं बंदरात येणाऱ्या गलबतांवरचा कर लावून दिला. कुठली गलबतं त्याची यादीच ताम्रपटात आहे: गुजरात, सौराष्ट्र, लाट, कोकण, थेट सिंहलापर्यंत.

बाकीचे लोक सोमनाथापाशी रमले. मी यादीपाशी अडकलो. शिवभक्त राजा, अरबी वंशाचा अधिकारी, मशिदीचा खर्च, आणि तो भागवणार कोण, तर लंकेहून आलेलं गलबत. शिक्का मारून, रीतसर. सलोखा वगैरे शब्द नंतर आले. इथे आधी जकात आली आहे. ज्याच्या ओळखीनं बंदरात गलबतं येतात, त्याची प्रार्थनेची सोय करणं हा बंदर चालवण्याचाच भाग होता, असं मला तरी दिसतं. मी तिला विचारलं, "बाय, दर काय होते ते नाही का दिलं?" ती हसली. "काका, तुम्ही बंदरावर होता ना? दर विचारणारे तुम्ही पहिलेच." झेरॉक्सवर दर नव्हते. कंपनीनं ते शोधून छापावेत, ही माझी लेखी सूचना.

जकातीचा विषय निघालाच म्हणून बोलतो. त्या काळी या सगळ्या किनाऱ्यांवर एक घातक चाल होती: वादळात सापडून जहाज भलत्याच किनाऱ्याला लागलं, तर त्यावरचा माल तिथल्या राजाचा. आंध्र किनाऱ्यावर मोटुपल्ली बंदरात काकतीय राजा गणपतिदेवानं १२४४ च्या सुमारास शिळेवर कोरून अभय दिलं, की यापुढे असा माल लुटणार नाही, ठरलेला कर तेवढा घेईन. का दिलं? दयेपोटी दिलं असेल, नाही असं नाही. पण लुटीपेक्षा जकात वर्षानुवर्षं येत राहते, हा हिशेब कुणीतरी राजाच्या कानावर घातला असणार. मलबारात हीच चाल होती, फक्त कालिकतला माल मालकाला परत मिळे आणि म्हणून ते बंदर भरभराटीला आलं, असं मोरोक्कोहून आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानं लिहून ठेवलं आहे. हे मी गाडीत शेजारच्या काकांना सांगितलं. ते झोपले.

इब्न बतूता इथेही आला होता, चौदाव्या शतकाच्या चाळीशीत. तो गोव्याला सिंदापूर म्हणतो. बेटात छत्तीस गावं आहेत, मधोमध दोन शहरं, एक काफिरांनी बांधलेलं जुनं आणि एक मुसलमानांनी बांधलेलं, असं त्यानं लिहिलंय. ही माहिती गाईडनं दिली. पण कर्नाटक किनाऱ्यावरच्या होन्नावरच्या सुलतान जमालुद्दीननं बावन्न जहाजं घेऊन सिंदापूर जिंकलं, त्या स्वारीत हा प्रवासी स्वतः लढला, ते तिनं उरकून घेतलं. स्वारीचं निमंत्रण तर सिंदापूरच्या राजाच्या मुलानं दिलेलं, बापाशी बिनसलं म्हणून. एवढी चांगली घरगुती भानगड, आणि ती दोन वाक्यांत संपवली! जोग्याची गोष्ट मात्र तिनं रंगवून सांगितली. सिंदापूरजवळच्या एका लहान बेटावर देवळाच्या भिंतीला टेकून, दोन मूर्तींच्या मध्ये एक जोगी बसलेला. प्रश्नांना उत्तर नाही. जवळ खायचं काही दिसेना, तर त्यानं एक आरोळी दिली आणि समोरच्या माडाचा नारळ खाली पडला. तो त्यानं पाहुण्यांना दिला. पैसे देऊ केले, घेतले नाहीत. बतूताच्या हातात आफ्रिकेतल्या झैला बंदराची जपमाळ होती. ती जोग्यानं हुंगली, तिचं चुंबन घेतलं, आधी आभाळाकडे आणि मग मक्केच्या दिशेला बोट केलं. बरोबरच्यांना काही कळलं नाही. बतूतानं ताडलं, की हा मनातून मुसलमान आहे. जोग्याच्या मनात खरं काय होतं, ते जोगी जाणे. आरोळीनं नारळ पाडणारा पाडेली मिळाला तर मला आजही हवा आहे, आमच्याकडे माडावर चढायला माणूस मिळत नाही.

चांदरला अर्धा तास. पर्यटक इथे येतात ते पोर्तुगीज काळातली मोठी घरं बघायला. आम्ही ती टाळून थेट कोटात गेलो, हे चांगलं. १९२९ मध्ये इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी इथे उत्खनन केलं. आता दिसतो तो विटांचा पाया आणि शीर नसलेला नंदी, कुंपणाच्या आत. कार्निव्हलच्या दिवसांत इथले ख्रिस्ती लोक मुसळं घेऊन नाचतात, तो मुसळ खेळ. जुन्या राजांच्या विजयाची आठवण ख्रिस्ती घरांनी जपलेली आहे, हे ऐकून पुण्याहून आलेल्या दोघांना धक्का बसला. आम्हा गोंयकारांना नाही बसत.

आता थाळी. पत्रकावर ठळक अक्षरांत 'अस्सल कदंबकालीन भोजन' असं छापलंय आणि त्याचे वेगळे साडेतीनशे घेतात. सावर्ड्याजवळच्या खाणावळीत केळीच्या पानावर वाढलं. काय होतं? लाल मिरचीचं तांबडंलाल हुमण, म्हणजे माशाची आमटी. बटाट्याची सुकी भाजी. काजू घातलेली उसळ. टोमॅटोची कोशिंबीर. वर अननसाचं सासव. कदंबांचं राज्य चौदाव्या शतकात संपलं. मिरची, बटाटा, काजू, टोमॅटो, अननस हे सगळं अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलं, आणि अल्बुकर्कनं गोवा घेतला १५१० मध्ये. जयकेशीला यातलं एकही ताटात ओळखू आलं नसतं. हुमण चवीला उत्तम होतं, मी दोनदा भात घेतला, ते वेगळं.

खरं तर अशी थाळी करणं काही अवघड नाही. उकडा तांदूळ आहे. नारळ आहे. सोलं इथलीच, तिरफळं इथलीच. तिखटाला मिरी घाला. जिच्यासाठी अरब, यहुदी आणि शेवटी हे फिरंगी या किनाऱ्याला आले, ती मिरी घराच्या मागे पोफळीवर चढलेली असते. आलं, कुळीथ, बांगडा. बांगडा तर तेव्हाही बांगडाच होता. तिरफळं आणि मिरी घालून केलेलं बिनमिरचीचं बांगड्याचं हुमण मी स्वतः घरी करून बघितलंय. रंग फिका, पण झणका चांगला.

दुपारी मोल्यावरून तांबडी सुर्ला. रस्ता रानातून, गाडीचा एसी मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, पुढच्या जागा मागून घ्या. इथलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ लहान, काळ्या बसाल्टचं. आपल्याकडे सगळा चिरा, म्हणजे जांभा. असला दगड घाटावरून आणला, असं सांगतात. मंडपाच्या छतावर कमळ कोरलंय, आत शीर नसलेला नंदी. आडरानात असल्यामुळे हे देऊळ वाचलं, एवढं सांगून बहुतेक गाईड थांबतात. ही मुलगी आम्हाला एका खांबाच्या पायथ्याशी घेऊन गेली आणि मोबाईलचा टॉर्च लावला. हत्ती घोड्याला पायाखाली तुडवतोय. जेमतेम वीतभर.

हा घोडा मला सोडवेना. चांगला घोडा दख्खनच्या हवेत धड पैदा होत नसे, तो होर्मुझहून, अरबस्तानातून जहाजानं यायचा आणि वाटेत मरायचा. मार्को पोलो सांगतो, की ठाण्याच्या राजाचं चाच्यांशी ठरलेलं होतं: लूट तुमची, घोडे माझे. महमूद गावान स्वतः इराणातल्या गिलानहून व्यापारासाठी बीदरला आलेला माणूस, पुढे बहमनींचा वजीर झाला. त्यानं १४७२ मध्ये गोवा जिंकला, तेव्हा विजयनगरला जाणाऱ्या घोड्यांचं एक दार बंद झालं. देवळाच्या परिसरात हे सगळं सांगायला वेळ होता, चाळीस मिनिटं आम्ही नुसते फोटो काढत होतो. कंपनीनं तिथे 'मोकळा वेळ' ठेवलाय. त्याऐवजी त्या मुलीला बोलू द्या की.

ड्रायव्हरचा अर्धा गुण मोल्याच्या वळणांसाठी. एकदाही पोटात ढवळलं नाही.

तर जायचं असेल तर शुक्रवार सोडून जा, गाईड तीच मुलगी मिळेल का ते आधी विचारा, आणि भरतीची वेळ बघून घ्या, कारण पाणी चढलं की आगशीचे चिरे दिसत नाहीत. मी कंपनीला फोन करून थाळीबद्दल सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "काका, बटाटा काढला तर शाकाहारी लोक भांडतात." बटाटा राहू दे बाबा. पत्रकावरचं 'कदंबकालीन' तेवढं खोडा, साडेतीनशे हवे तर तेवढेच घ्या.